एकाच संगणकावर निकाल कोरा का?
तीच क्वेरी, तोच डेटाबेस. शेजारच्या टेबलावर नोंदी दिसतात, इथे एकही नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही, म्हणून हा दोष फार फसवा. क्वेरीत तारीख असेल तर पहिला संशय विंडोजमधल्या तारखेच्या मांडणीवर घ्या. भारतीय मांडणीचा संगणक ५ एप्रिल ही तारीख #०५/०४/२०२४# अशी क्वेरीत जोडतो. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस ती अमेरिकी पद्धतीने ४ मे अशी वाचते. १३ तारखेपासून मात्र उत्तर बरोबर येते, कारण तेरावा महिना नसल्याने अ‍ॅक्सेस दिवस आणि महिना स्वतःच उलटवते. त्यामुळे केवळ महिनाअखेरीस घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. प्रत्येक संगणकाची सेटिंग बदलत बसण्यापेक्षा प्रोग्राममधूनच तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवा.