आवारातील चाके

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्यांसमोर दिवसभर मालाची चढ-उतार चालते. सुट्टीत वडिलांबरोबर गाळ्यावर आलेल्या मुलाला तेच काँक्रीटचे आवार स्केटिंगसाठी खुणावते. हा रस्ता नव्हे, म्हणून घरचे निश्चिंत असतात.

इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र सार्वजनिक रस्त्याबाहेर पादचाऱ्याला बसलेली मालट्रक वा बसची धडक वेगळी नोंदवली जाते. अमेरिकी आवृत्तीत तर स्केट्सवरील व्यक्तीसाठी ‘व्ही ०४.०१’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. मागे येणाऱ्या ट्रकच्या चालकाला लगत पाठीमागचे मूल आरशात दिसत नाही आणि चाकांवरचे मूल जागच्या जागी थांबू शकत नाही.

कायदाही फाटकाशी थांबत नाही. जेथे लोकांना कोणत्याही कारणाने, नियंत्रित का होईना, प्रवेश असतो, ते खासगी आवारही अपघात-भरपाईच्या दृष्टीने ‘सार्वजनिक स्थळ’ होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला.

म्हणून ट्रक आवारात असेपर्यंत स्केट्स बंद ठेवावेत आणि तो मागे घेताना चालकाला दिसेल असा, बाजूला माणूस उभा करावा. हा दंडक गाळामालकानेच घालावा. माल अर्धा तास उशिरा उतरला तरी चालेल.