एकरूखचा कालवा : पाण्याचा जमाखर्च

सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हिप्परग्याचा जलाशय दिसू लागतो. जुन्या दप्तरांत त्याचे नाव एकरूख तलाव. १८६६ साली आदिला नदीवर मातीचे धरण बांधण्यास आरंभ झाला आणि १८७१ साली ते पूर्ण झाले. दोन किलोमीटरांहून लांब, एकवीस मीटरांच्या आसपास उंच असा हा बांध त्या काळच्या मुंबई इलाख्यातील सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांपैकी एक ठरला. आज अनेक सोलापूरकर तेथे थांबतात ते हिवाळ्यातील पक्षी पाहण्यापुरते. धरणाच्या पोटातून निघालेल्या कालव्याकडे सहसा कोणी वळत नाही.

तलावातून तीन कालवे काढण्यात आले. खालच्या पातळीवरचा बारमाही, आणि वरच्या पातळीवरचे दोन केवळ पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी. अशा कालव्याच्या कडेने मोटारीने निघावे. तो सरळ कधीच जात नाही. उताराची चढण-उतरण सांभाळत, टेकाडाला वळसा घालत, जमिनीला अगदी अल्प ढाळ देत तो पुढे सरकतो. ठिकठिकाणी मोऱ्या आणि चाऱ्या. पाळी आली की पाटकऱ्याने दार उचलायचे आणि शेतकऱ्याने रात्री-अपरात्री दारे धरायची.

नावेने हा प्रवास करता येणार नाही. १८५४ साली खुल्या झालेल्या गंगेच्या कालव्यात नौका चालत. त्यासाठी दोन दरवाजांच्या कोठ्या बांधल्या होत्या. कोठीत पाणी भरले की नाव वर चढे, सोडले की खाली उतरे. सर आर्थर कॉटन यांचा तर आग्रहच होता की कालव्याने शेतही भिजवावे आणि मालही वाहावा. त्याच विचाराने कर्नूल-कडप्पा कालवा एका खासगी कंपनीने खोदला. भांडवल बुडीत निघाले आणि १८८२ साली सरकारला तो विकत घ्यावा लागला. आपल्या दख्खनच्या चढउतारात असा खर्च परवडणारा नव्हता, हे एकरूखच्या आखणीकारांनी ओळखले असावे.

तरीही एकरूखचा हिशेबही सहजी जुळला नाही. कारण मातीतच होते. येथील खोल काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते. रब्बीची ज्वारी तेवढ्यावर पिकते. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी भरून पाणी घेण्यास शेतकरी उत्सुक नसे, आणि भारी जमिनीला अधिक पाणी पाजणे घातकही ठरते. दुष्काळ पडला की मात्र सर्वांनाच पाणी हवे. पण तेव्हा आदिलाच आटलेली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्हा अतिशय होरपळला. सरकारी हिशेबात अशा कामांचे पुढे दोन वर्ग मानले गेले : व्याज सुटेल ती उत्पादक कामे, आणि न सुटले तरी प्राण वाचवतील ती संरक्षक कामे. दुसऱ्या वर्गाचा ताळेबंद केवळ रुपयांत मांडणे हा खुळेपणा आहे. पण पहिल्याच वर्गाच्या फूटपट्टीने त्याला मोजण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

पाण्याला खरा ग्राहक मिळाला तो शहरात. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, वस्ती वाढली आणि काही वर्षांतच तलावाचे पाणी शहराला पुरवले जाऊ लागले. शेतीसाठी बांधलेल्या तलावाने नगराची तहान भागवली.

कालव्याच्या पाण्यावर शेती कशी उभी राहते, हे पाहायचे असल्यास शेजारच्या इंदापूर तालुक्यात जावे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस फोफावला आणि तेथेच १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवले. उसाच्या पिकाला वर्षभर पाणी लागते. ज्वारीला ते लागत नाही. त्या दोन कालव्यांच्या नशिबातील अंतर मुख्यतः एवढेच.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि शहराचा भार बराचसा तिकडे गेला. एकरूख उपसा सिंचन योजनेतून आता भीमेचे पाणी उचलून याच जुन्या तलावात आणायचे आणि पुढे अक्कलकोटकडे द्यायचे, अशी व्यवस्था आहे. शतकाहून अधिक काळ उतारानेच वाहिलेले पाणी आता विजेच्या बळावर चढवावे लागते, आणि त्या विजेचे बिल कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न तलावाच्या काठावरील शेतकरी आजही विचारीत असतात.