माल्टात नोकरी : पैसे मोजण्यापूर्वी कागद वाचावेत

माल्टा हे नाव आपल्या वाचकांना प्रथम भेटते ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात. कैदी म्हणून रोमला नेले जात असता संत पौलाचे जहाज फुटले आणि जहाजावरील २७६ जण ज्या बेटाच्या किनाऱ्याला लागले, ते हे बेट. तेथील रहिवाशांनी भिजलेल्या पाहुण्यांसाठी शेकोटी पेटविली होती. हल्ली मात्र हे नाव आमच्या कानी येते ते एजंटांच्या तोंडून. "फादर, मुलगा माल्टाला जातो म्हणतो. एजंट पाच लाख मागतो. द्यावेत का?" या प्रश्नाला आमचे उत्तर 'नाही' असे आहे. त्यामागील कारणे पुढे देत आहोत.

अवघे ३१६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि साडेपाच लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेला हा देश २००४ साली युरोपीय संघात आला व २००८ पासून तेथे युरो हे चलन आहे. माल्टीजबरोबर इंग्रजीही राजभाषा असल्याने आपल्या मुलांना तो जवळचा वाटतो. (माल्टीज भाषेत देवाला 'आल्ला' व आपल्या उपवासकाळाला 'रन्दान' म्हणतात, हे ऐकून नवखा मनुष्य चकित होतो.) हॉटेले, स्वयंपाकघरे, वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, घरपोच खाद्यसेवा या क्षेत्रांत परदेशी कामगारांना काम मिळते.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यास 'सिंगल परमिट' लागते. काम करण्याची व राहण्याची परवानगी या एकाच परवान्यात असते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांना युरोपीय नागरिक म्हणून त्याची गरज पडत नाही. इतरांनी मात्र क्रम नीट ध्यानात ठेवावा. प्रथम माल्टातील मालकाचा करार, मग 'आयडेंटिटा' या सरकारी संस्थेकडे अर्ज, तिचे तत्त्वतः मंजुरीचे पत्र, त्यानंतर व्हिसा आणि सर्वांत शेवटी विमानाचे तिकीट. "आधी पर्यटक म्हणून जा, कागद तेथे होतील," असे सांगणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. हॉटेल व पर्यटन क्षेत्रात नव्याने जाणाऱ्यांना २०२४ पासून 'स्किल्स पास' ही इंग्रजीची व कामाच्या ज्ञानाची पायरीही ओलांडावी लागते.

या परवान्याची एक बाजू एजंट सहसा सांगत नाहीत. परवाना ठरावीक मालकाशी व ठरावीक कामाशी बांधलेला असतो. मालक बदलायचा तर नवा अर्ज करावा लागतो. नोकरी सुटल्यास दुसरी शोधण्यास पूर्वी दहा दिवस मिळत; २०२५ च्या धोरणाने ते तीस केले. ज्याच्या डोक्यावर पाच लाखांचे कर्ज आहे, तो या भीतीपोटी जादा तास फुकट राबतो, मालकाचे बोलणे निमूटपणे ऐकतो आणि घरी मात्र 'सर्व ठीक आहे' असे कळवितो. आमच्या मते खरा धोका कर्ज आणि बांधलेला परवाना एकत्र येण्यात आहे.

आता हिशेब पाहू. २०२५ साली पूर्णवेळ कामाचे किमान वेतन आठवड्याला २२१.७८ युरो, म्हणजे महिन्याला सुमारे ९६० युरो होते. त्यातून दहा टक्के सामाजिक विम्यासाठी कापले जातात. वर्षातून चार वेळा मिळणारे कायदेशीर बोनस वेगळे. घरभाडे चढे असल्याने अनेक जण एका खोलीत दाटीवाटीने राहतात. रुपयांत गुणाकार करून हुरळून जाण्यापूर्वी भाडे व जेवण वजा करावे. किमान वेतनावर पत्नी-मुलांना लवकर नेता येईल, अशी आशाही धरू नये.

एजंटाविषयी दोन्ही देशांचे कायदे स्पष्ट आहेत. नोकरी शोधणाऱ्याकडून शुल्क घेण्यास माल्टातील एजन्सींना मनाई आहे. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत एजंटास जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. करारात मालकाचे नाव, कामाचे स्वरूप, तास, पगार व राहण्याची सोय लिहिलेली असावी. त्याची एक प्रत घरी ठेवावी. पारपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये, मालकाच्याही नाही.

माल्टा हा स्वतः स्थलांतरितांचा देश होता, हे आज तेथील तरुणांनाही फारसे आठवत नसेल. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो माल्टीज कुटुंबे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व इंग्लंडला गेली. त्यांच्या मदतीसाठी तेथील ख्रिस्तसभेने १९५० साली एक आयोग स्थापन केला. राजधानी व्हॅलेटातील 'दार ल-एमिग्रांत' हे त्याचे घर. पुढे माणसांचा ओघ उलटला आणि तेच घर बाहेरून येणाऱ्यांसाठी झटू लागले. जाणाऱ्याने त्याचा पत्ता, माल्टातील भारतीय उच्चायुक्तालयाच्या पत्त्याबरोबर, विमानात बसण्यापूर्वीच वहीत लिहून घ्यावा.