जुना फटका मोडताना

जमिनीवर एक टप्पा पडून आलेला चेंडू फोरहँडने किंवा बॅकहँडने परतवायचा, याला टेनिसमध्ये ग्राउंड स्ट्रोक म्हणतात. दिसायला सोपा वाटतो. परंतु हाताला एकदा चुकीचे वळण लागले की ते मोडणे हे नवे शिकण्यापेक्षा कठीण! आर्थर अॅश या कृष्णवर्णीय खेळाडूला हे दहाव्या वर्षीच उमगले.

अॅश १९४३ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात जन्मला. वडील ब्रुकफिल्ड या मैदानाचे रखवालदार होते. मैदान कृष्णवर्णीयांसाठी वेगळे राखलेले; गोऱ्यांच्या कोर्टवर या मुलांना मज्जाव! तिथेच रॉन चॅरिटी या तरुण खेळाडूने त्याला रॅकेट धरायला शिकवले आणि १९५३ साली लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे नेले. जॉन्सन पेशाने डॉक्टर. घराच्या आवारातल्या कोर्टवर ते आपल्या समाजातील मुलामुलींना घडवीत. १९५७ ची विम्बल्डन विजेती अल्थिया गिब्सन हिलाही त्यांचेच मार्गदर्शन लाभले होते.

डॉक्टरांनी अॅशला फटका बदलायला सांगितला. मुलगा अडून बसला. चॅरिटींनी शिकवले तेच बरोबर, हा त्याचा हट्ट. डॉक्टरांनी वडिलांना कळवले. वडील गाडी घेऊन आले आणि मुलाला एवढेच बजावले की, आता शिकवणारे डॉक्टर आहेत, ते सांगतील तसे कर. पालकहो, ‘माझ्या मुलाला उगाच त्रास देतात’ असे म्हणून त्यांनी मुलाला परत नेले असते तर?

हा बदल घडतो कसा? गुण मोजायचे थांबवून. सामन्याच्या ताणात हात जुन्याच वाटेने धावतो. म्हणून आधी भिंतीवर, मग समोरून कोणी सावकाश टाकलेल्या चेंडूवर सराव करावा. भिंतीवर ३ फुटांवर रेघ ओढावी. मध्यभागी जाळ्याची उंची तेवढीच असते. चेंडू येताना दिसताच खांदे वळवावेत, चेंडू शरीराच्या पुढे असतानाच गाठावा, रॅकेट खालून वर न्यावी. हे सारे एकाच दिवशी साधू पाहणारा काहीच साधत नाही! आठवडाभर फक्त खांदेच वळवा. चेंडू कुठे गेला याची फिकीर नको. पहिले काही दिवस खेळ बिघडतो आणि बहुतेक जण तिथेच जुन्या फटक्याकडे वळतात.

डॉक्टर वागण्याचाही सराव घेत. चेंडू रेषेबाहेर दोन-चार बोटे पडला तरी परतवायचा, वाद घालायचा नाही. ही निव्वळ सभ्यता नव्हती. कृष्णवर्णीय मुलाने जरा आवाज चढवला तर त्याला स्पर्धेबाहेर काढायला निमित्तच हवे असे. अन्याय करणाऱ्याने मोकळे राहावे आणि सोसणाऱ्याने जीभ आवरावी, हे आजही खटकते. तरी ती मुले टिकली.

जोरकस फटके हीच अॅशची ओळख होती. १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात समोर होता २२ वर्षांचा जिमी कॉनर्स, वेगवान चेंडूवर तुटून पडणारा. ३१ वर्षांच्या अॅशने त्याला वेग द्यायचेच नाकारले. मंद, खाली राहणारे चेंडू तो कॉनर्सच्या फोरहँडकडे देत राहिला. तिसरा सेट गेला, तरी हात जुन्या जोराकडे वळू दिला नाही. अॅश ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा जिंकला. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय!