घरातील गारवा : कूलर की एसी ?



उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर घ्यावा की एसी, अशी विचारणा गट ऑफिसात बरेच सभासद करतात. म्हणून ही थोडक्यात माहिती.

हवा अंगापेक्षा, म्हणजे ३७ अंशांपेक्षा, जास्त तापली की पंखा गरम वाराच अंगावर आणतो. म्हातारी माणसे व तान्ही मुले यांना हा उकाडा बाधतो.

कूलर : पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता ओढून घेते. उसाचे पानही असेच गार राहते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. पावसाळ्यात व कोकणात त्याचा उपयोग कमीच.

एसी : हा उष्णता व ओलावा दोन्ही बाहेर टाकतो. खोली बंद हवी. विंडो एसी एकाच पेटीत असतो, पण आवाज जास्त. स्प्लिटचा कॉम्प्रेसर बाहेर राहतो. इन्व्हर्टर एसी गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो, त्यामुळे वीज वाचते. येथे ‘एक टन’ म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवील इतकी उष्णता ओढण्याची ती ताकद. एसी २४ अंशांवर ठेवावा.

खर्चापूर्वी पत्र्याला वरून चुना मारून पाहा. बराच फरक पडतो.

आणि एक गोष्ट विसरू नका : कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा व अर्थिंग तपासून घ्या. ओल्या पत्र्यातून बसलेला शॉक जीव घेतो.