डॅशबोर्डमध्ये लपणारी स्क्रीन: बेंटली कॉन्टिनेंटल जीटीमधलं न दिसणारं इंजिनिअरिंग

बेंटलीचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. किंमत किती आणि पळते किती? बहुतेक व्हिडिओही तिथेच संपतात. मी मात्र गेले काही दिवस कॉन्टिनेंटल जीटीची तांत्रिक माहिती वाचत बसलो होतो, आणि मला भलतीच गोष्ट आवडली. या गाडीतलं सगळ्यात अवघड काम आत बसलेल्याला काहीच जाणवू नये यासाठी केलेलं आहे. ही गाडी मी चालवलेली नाही, नजीकच्या काळात तसा योगही दिसत नाही. पण तिच्यातल्या काही युक्त्या तुमच्या हातातल्या फोनशी थेट जुळतात, म्हणून हा लेख.

आधी नावाबद्दल थोडंसं. ग्रँड टूरर म्हणजे लांबचा पल्ला वेगात, पण न थकता गाठण्यासाठी बनवलेली गाडी. नुसती रेसची गाडी असेल तर तीनशे किलोमीटरनंतर पाठ बोलायला लागते. नुसती आरामाची असेल तर वळणावर डुलते. जीटीला दोन्ही जमलं पाहिजे. इंग्लंडमधले लोक युरोपच्या मुख्य भूमीला ‘कॉन्टिनेंट’ म्हणतात, तिथल्या लांब रस्त्यांसाठी बेंटलीने १९५२ साली आर-टाइप कॉन्टिनेंटल आणली. पुढे १९९८ मध्ये फोक्सवॅगनने बेंटली विकत घेतली आणि २००३ मध्ये पहिली कॉन्टिनेंटल जीटी आली. खाली मी मुख्यतः २०१७ मध्ये दाखवलेल्या तिसऱ्या पिढीबद्दल बोलतोय.

तीन तोंडांची स्क्रीन

गाडी बंद असताना डॅशबोर्ड बघितलात तर मधोमध स्क्रीनच नसते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त लाकूड. स्टार्टचं बटण दाबलं की मधला लाकडाचा तुकडा गोल फिरतो आणि मागून १२.३ इंचांची टचस्क्रीन समोर येते. आणखी एकदा फिरवली तर तिसरी बाजू येते: काट्यांची तीन गोल घड्याळं. एक बाहेरचं तापमान सांगतं, एक दिशा आणि एक वेळ मोजतं.

यासाठी ४० हलणारे भाग वापरले आहेत. फिरणं सोपं आहे हो, अवघड आहे ते थांबणं. लाकूड बंद असताना फट दिसता कामा नये, शेजारच्या लाकडाशी पातळी जुळली पाहिजे, आणि खडबडीत रस्त्यावर खडखड आवाजही यायला नको. तेही कडक थंडीत आणि उन्हात तापलेल्या गाडीत सारखंच.

आता प्रश्न येतो, एवढा उपद्व्याप कशासाठी? मला याचं उत्तर फोनमध्ये सापडतं. चार वर्षं जुना फोन हातात घेतला की स्क्रीनच्या कडा, रंग, अॅप उघडायचा वेग, सगळं जुनं वाटतं. २००३ च्या जीटीच्या आतले फोटो शोधून बघा. लाकूड आणि चामडं आजही छान दिसतं, पण मधली ती छोटीशी स्क्रीन लगेच वय सांगते. जी गाडी लोक वीस-तीस वर्षं जपून ठेवतात, तिच्यात सगळ्यात आधी म्हातारी होते ती स्क्रीन.

अर्थात लपवल्याने लाकडामागची चिप काही नवी होत नाही. पण एक बारकावा बघा. ही स्क्रीन लपवता येते, कारण बाकीची कामं तिच्यावर अवलंबून नाहीत. एसीसाठी खाली खरी बटणं आहेत. हवेच्या झरोक्यांसाठी धातूच्या छोट्या दांड्या आहेत, त्यांना ‘ऑर्गन स्टॉप’ म्हणतात, कारण चर्चमधल्या ऑर्गनला तशाच खुंट्या असतात. दांडी ओढली की झरोका उघडतो, ढकलली की बंद. गोल बटणांच्या कडेला हिऱ्याच्या आकाराची खरखरीत नक्षी कोरलेली असते, त्यामुळे न बघताही बोटाला कळतं की हात कुठे आहे. फोन टाइप करताना हलकासा थरथरतो ना, तोच हेतू. फक्त इथे मोटार नाही, नुसता धातू आहे.

ज्या गाड्यांमध्ये एसीपासून वायपरपर्यंत सगळं स्क्रीनमध्ये कोंबलंय, तिथे ही चैन करताच येणार नाही. आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. ताशी १०० किलोमीटरला दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर गाडी सुमारे ५५ मीटर न बघता पुढे जाते. म्हणूनच गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांना खरी बटणं असण्याला गुण ठेवलेत.

गंमत म्हणजे स्क्रीन गाडीसोबत मिळते, पण ती फिरवून लपवणारी यंत्रणा पर्याय म्हणून वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते!

वळणावर न कलंडणारी सव्वादोन टनांची गाडी

वजन साधारण सव्वादोन टन. एवढी जड गाडी वेगात वळली की बाहेरच्या बाजूला झुकणार. ते थांबवायला बहुतेक गाड्यांमध्ये डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक स्टीलचा दांडा असतो, अँटी-रोल बार. गाडी झुकायला लागली की दांडा पिळला जातो आणि झुकणं अडवतो. पण याच दांड्याची एक खोडही आहे. सरळ रस्त्यावर फक्त डावं चाक खड्ड्यात गेलं, तरी तो धक्का उजव्या बाजूलाही पोचवतो. दांडा जाड केला तर धक्के वाढतात, बारीक केला तर गाडी झुकते. कंपन्या मधला काहीतरी तोडगा काढतात आणि पुढे जातात.

बेंटलीने दांडा मधोमध कापला आणि तिथे इलेक्ट्रिक मोटार बसवली. सरळ रस्त्यावर मोटार दोन्ही अर्धे जवळजवळ मोकळे सोडते, त्यामुळे डाव्या चाकाचा खड्डा डावीकडेच राहतो. वळण आलं की तीच मोटार दांडा उलट दिशेने पिळते: ०.३ सेकंदात १,३०० न्यूटन मीटरपर्यंत. तुलनेसाठी सांगतो, याच गाडीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाचा टॉर्क ९०० न्यूटन मीटर आहे.

पण इतकी ताकद एका क्षणात द्यायची तर गाडीची नेहमीची १२ व्होल्टची वायरिंग कमी पडते. म्हणून या यंत्रणेला वेगळी ४८ व्होल्टची वीज दिली आहे. इथे तुमचा फास्ट चार्जर आठवा. पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले करंट. व्होल्ट चौपट केले की तेवढ्याच पॉवरसाठी करंट पाव लागतो, वायर कमी तापते आणि बारीक चालते. बरेच फास्ट चार्जर ५ व्होल्टवरून ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टवर जातात ते याच कारणासाठी.

स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत, प्रत्येकीत तीन कप्पे. सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, तोंडावर बोट ठेवा आणि दांडा दाबा. आत हवा भरपूर असेल तर दांडा मऊ लागतो, थोडीशीच असेल तर लगेच अडतो. तिन्ही कप्पे उघडे म्हणजे मऊ गादी, झडपा बंद करून कप्पे कमी केले की कडक.

फुगवून बनवलेला पत्रा

मागच्या चाकावरचा फुगीर भाग आणि त्यावरची ती धारदार कड बघितलीय? तो उतार आर-टाइपची आठवण आहे. अॅल्युमिनियमचा पत्रा थंड असताना प्रेसमध्ये दाबून इतकी तीक्ष्ण घडी घालायला गेलं तर तो फाटतो. म्हणून इथे पत्रा सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवतात आणि हवेच्या दाबाने साच्यावर बसवतात. टम्म फुगलेली पुरी एखाद्या साच्यात फुगली तर कशी त्याचाच आकार घेईल, तसंच. या पिढीत गाडीची पूर्ण बाजू या पद्धतीने बनवली आहे. नेहमीच्या प्रेसच्या मानाने हे काम फार सावकाश होतं, त्यामुळे रोज हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला ते परवडत नाही.

इंजिन: पंगत वाकडी बसवली की जागा वाचते

साध्या व्ही-१२ मध्ये सहा-सहा सिलिंडरच्या दोन सरळ रांगा असतात, म्हणून इंजिन लांब होतं. डब्ल्यू-१२ मध्ये प्रत्येक रांगेतले सिलिंडर नागमोडी, एक इकडे एक तिकडे बसवलेत. पंगतीत माणसं खांद्याला खांदा लावून न बसता थोडी पुढेमागे सरकली तर कमी जागेत मावतात, तसं. बेंटलीच्या आकड्यानुसार हे इंजिन तेवढ्याच व्ही-१२ पेक्षा २४ टक्के आखूड आहे.

हायवेवर आरामात जाताना यातले सहा सिलिंडर झोपतात. अट अशी: तिसरा ते आठवा गिअर, ३,००० आरपीएमच्या खाली आणि टॉर्क ३०० न्यूटन मीटरपर्यंत. तुम्ही मेसेज वाचत असता तेव्हा फोनचे मोठे कोअर शांत असतात आणि छोटे काम करतात, हिशोब तोच. अॅक्सिलरेटर दाबला की सहाही जागे, आणि ड्रायव्हरला ते कळायला नको ही अपेक्षा.

इंग्लंडमधल्या क्रू इथल्या कारखान्यात हे इंजिन जुलै २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी आलेल्या चौथ्या पिढीत चार लिटरचं व्ही-८, सोबत मोटार आणि २५.९ किलोवॅट अवरची बॅटरी आहे. एकूण ७८२ पीएस, आणि कंपनीच्या आकड्यानुसार नुसत्या विजेवर ८१ किलोमीटर. बॅटरी मागच्या अॅक्सलच्या मागे ठेवल्यामुळे पुढचं-मागचं वजन ४९ विरुद्ध ५१ टक्के झालं आणि नाकाकडे जड असण्याची जुनी तक्रार मिटली. फिरणारी स्क्रीन मात्र नव्या गाडीतही तशीच घेता येते.

आता एखाद्या व्हिडिओत जीटी दिसली तर दोन ठिकाणी पॉज करा. एक, इंजिन सुरू व्हायच्या आधीचा डॅशबोर्ड. मधे लाकूड असेल तर मालकाने फिरणारी स्क्रीन घेतलीय, काळी काच असेल तर नाही. दोन, चालत्या गाडीचं चाक. काही गाड्यांमध्ये चाक फिरत असतानाही मधला ‘बी’ सरळ उभा दिसतो. तिथे सेन्सर वगैरे काही नाही. आत एक बेअरिंग आहे आणि बिल्ल्याच्या खालच्या बाजूला थोडं वजन.