वेढे दुप्पट, मग जोर का नाही दुप्पट?

जूनच्या सुटीत मुलांना घरी करण्याजोगा प्रयोग हवा असेल, तर विद्युतचुंबकासारखा स्वस्त आणि बोलका प्रयोग दुसरा नाही. लोखंडी खिळा, पेन्सिल सेल आणि वाइंडिंगची इनॅमल चढवलेली तांब्याची तार, एवढेच साहित्य. तार लिटल इंडियाजवळच्या सिम लिम टॉवरमध्ये, सुट्या भागांच्या दुकानांत मिळावी. खिळा मात्र आधी साध्या चुंबकाला लावून पाहावा. स्टेनलेस स्टीलचे पुष्कळ खिळे चुंबकाला चिकटत नाहीत, ते या कामी निरुपयोगी.

खिळ्यावर एकाच दिशेने वेढे द्यावेत, तारेच्या टोकांवरचे इनॅमल पॉलिश पेपरने खरवडून ती सेलला जोडावीत आणि किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजावे. वेढे जास्त तितका चुंबक जोरदार, असे मुले शाळेत शिकलेली असतात. म्हणून १०० वेढ्यांचे २०० केले की टाचण्याही दुप्पट, अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात वाढ फारच थोडी दिसते. मूल हिरमुसते, आणि कधी कधी वडीलधारी मंडळीच वहीतला आकडा ‘सुधारून’ देतात!

वास्तविक तो आकडा खरा असतो. चुंबकाचा जोर ठरतो तो वेढे आणि विद्युतधारा यांच्या गुणाकारावर. वेढे वाढले की तार लांबते, रोध वाढतो आणि धारा घटते. या हाताने दिले ते त्या हाताने काढून घेतले, अशातला प्रकार!

हिशेबच मांडू. सेल १.५ व्होल्टचा, त्याचा अंतर्गत रोध ०.३ ओहम आणि बारीक तारेच्या दर वेढ्याचा रोध ०.०१ ओहम धरू. मग ५० वेढ्यांना हा गुणाकार येतो ९४, १०० वेढ्यांना ११५, २०० वेढ्यांना १३० आणि ४०० वेढ्यांना १४०. वेढे कितीही चढवा, १५० ची मर्यादा ओलांडता येत नाही. जास्त वेढ्यांचा फायदा एवढाच, की धारा कमी लागल्याने सेल अधिक टिकतो आणि तार कमी तापते.

यावरचा उपाय जोसेफ हेन्री या अमेरिकन शिक्षकाने फार पूर्वी शोधला. इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने १८२५ साली पहिला विद्युतचुंबक केला, पण त्याची तार उघडी असल्याने वेढे दूर दूर ठेवावे लागत. हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळले, वेढे दाटीने बसवले आणि एका लांब तारेऐवजी अनेक आखूड तारा स्वतंत्रपणे बॅटरीला जोडल्या. १८३१ साली त्याच्या चुंबकाने ९०० किलोहून अधिक वजन पेलले! आपल्या हिशेबातही ५०-५० वेढ्यांच्या चार तारा, सर्व एकाच दिशेने गुंडाळून, एकाच सेलला जोडल्या तर गुणाकार १३० वरून १७६ वर जातो. सेल मात्र लवकर संपतो.

सावधगिरी दोन गोष्टींची. सेल काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नये, आणि तार भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला कदापि लावू नये.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, तीनदा मोजावे आणि येईल तो आकडा वहीत लिहावा. अपेक्षेशी न जुळणारा आकडा खोडला, तर हेन्रीचा प्रश्न मुलाला कधी पडणारच नाही.